१५ वर्षांची गाडी खरंच भंगारात द्यावी लागते का?

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावी लागते, ही समजूत शंकर नगरात आणि एकूणच रायपुरात इतकी पक्की आहे की चांगली चालती वॅगन आर, सँट्रो किंवा आल्टो लोक मिळेल त्या भावात काढून टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही भीती आपल्याला लागू नसलेल्या नियमातून आलेली आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मुदत संपत आली की आरटीओत गाडी दाखवायची. तपासणीत पास झाली की नोंदणी ५ वर्षांनी वाढते, आणि त्यानंतरही दर ५ वर्षांनी वाढवता येते. १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी राष्ट्रीय हरित लवादाने घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, पण तिची हद्द दिल्ली आणि एनसीआर एवढीच. तिथल्या आदेशांतही नंतर फेरफार झाले. २०२१ च्या स्क्रॅपिंग धोरणाने वयाची थेट सक्ती आणली ती सरकारी गाड्यांवर, १ एप्रिल २०२३ पासून. तुमच्या-आमच्या गाडीचं भवितव्य तपासणीवर ठरतं.

खर्च वाढलाय, हे मात्र खरं. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क पूर्वी ६०० रुपये होतं, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आलं. तरी ५,००० रुपये ५ वर्षांवर पसरले तर वर्षाला हजारच पडतात. तेवढ्यासाठी धडधाकट गाडी मोडीत काढणं मला पटत नाही.

इथल्या मराठी घरांत जुनी गाडी बऱ्याचदा नागपूरच्या नातेवाइकांकडून येते. काकांची गाडी, घरातलाच व्यवहार, मग नाव बदलायची घाई कशाला, असं म्हणून आरसीवर काकांचंच नाव राहतं आणि नंबरही एमएच. यात दोन चुका आहेत. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. आणि नावाचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी कितीही हात बदलून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे नाव न बदलून आपण काकांनाच अडचणीत टाकतो. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्यावा. काकांचा नो-क्लेम बोनस त्यांचाच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

रायपुरात जुन्या गाडीचा जीव खरा अवलंबून असतो तो इंजिन थंड ठेवण्यावर. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गॅरेजांत गरम झालेल्या गाड्या येऊ लागतात. ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, साधं पाणी पुरे’ हे वाक्य तेव्हा हमखास ऐकू येतं. कूलंट पाण्याला गोठू देत नाही हे खरंच, पण ते पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं, आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं अ‍ॅल्युमिनियमचं हेड, रेडिएटर आणि वॉटर पंप सांभाळतात. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत त्या चोंदतात. रेडिएटरच्या झाकणाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. ते यंत्रणेत दाब धरून ठेवतं आणि त्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या बरंच पुढे जाऊन उकळतं. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की चांगलं कूलंटही फसफसून बाहेर येतं.

दुसरी समजूत जास्त नुकसान करते, कारण ती मिस्त्रीच्या तोंडून येते: थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गरमच होणार नाही. थर्मोस्टॅट ही साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडणारी झडप. ती काढली की इंजिन योग्य तापमानाला पोचायला फार वेळ लागतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सरला इंजिन अजून थंडच आहे असं वाटतं, म्हणून पेट्रोल जास्त सोडलं जातं. अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल आणि ओल उतरते, इंजिनची झीज वाढते. शिवाय मूळ रोग लपून राहतो. तो ओळखायची एक सोपी रीत आहे. गाडी तेलीबांध्याच्या सिग्नलवर तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर आधी पंखा, त्याची मोटर आणि रिले पाहा. उलट भिलाई-दुर्गकडे हायवेवर वेगात असताना काटा चढत असेल, तर संशय रेडिएटर किंवा पंपावर घ्या. काटा लाल रेषेकडे गेला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, गाडी बाजूला घ्या आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे नेलेल्या गाडीची हेड गॅस्केट उडते, आणि काही शे रुपयांचं काम हजारांवर जातं.

‘कमी चाललेली गाडी म्हणजे उत्तम गाडी’ हेही अर्धंच खरं. रबर किलोमीटर मोजत नाही. उभ्या गाडीचे होज, बुश आणि वायपर उन्हात कडक होतात. जुन्या सँट्रोच्या इंजिनात टायमिंग बेल्ट रबराचा असतो, तो किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा. वॅगन आरच्या २०१० नंतरच्या के-सीरीज इंजिनात साखळी आहे, तिथे ही चिंता नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. खाचा शाबूत दिसल्या तरी जुना टायर इथल्या उन्हात भरवशाचा राहत नाही.

इथेनॉल मिसळलेल्या ई२० पेट्रोलबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. इंजिन लगेच खराब होतं, हे चूक. काहीच फरक पडत नाही, हेही चूक. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की ई१० वर बेतलेल्या पण मुळात साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या मोटारींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. इथेनॉल जुनं रबर लवकर सुकवतं आणि टाकीत साचलेला गाळ सुटा करतं. म्हणून पेट्रोलचे पाईप ई२० ला चालणारे बसवून घ्यावेत आणि फिल्टर वेळेआधी बदलावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर ते जास्तच गरजेचं, कारण इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं.

पीयूसी मिळाली म्हणजे गाडी स्वच्छ, असंही नाही. पेट्रोल गाडीच्या त्या चाचणीत उभ्या गाडीतला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड नाहीत. २०१० पूर्वीची गाडी बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ कधीच होणार नाही. चांगला ऑक्सिजन सेन्सर, नीट प्लग आणि शाबूत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एवढं मात्र आपल्या हातात आहे.

एक उणीव मात्र कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होत नाही. सगळ्या नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग आणि एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपीने एअरबॅग नसलेल्या पाच भारतीय छोट्या मोटारी आदळून पाहिल्या, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही शून्यावर राहिल्या. ‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती मजबूत’ असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर पाहावा. अशी गाडी शहरात, माफक वेगात वापरावी. मागच्या सीटचेही पट्टे तपासून रोज लावावेत. लहान मुलांना घेऊन रात्री नागपूरला जायचं असेल तर मी रेल्वेच सुचवीन.

आणि सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथला पत्रा किंवा चॅसी गंजून गेली असेल, तर त्या गाडीवर पैसा घालू नये. तेव्हाही ती गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची तरतूद आहे. आरटीओकडून आरसी रद्द झाल्याचा कागद हातात घ्या. तो मिळेपर्यंत सरकारदरबारी ती गाडी तुमचीच असते.