सहारातील शर्यत

ग्रीस देशात अथेन्स नगराच्या ईशान्येस मॅरेथॉन नावाचे एक मैदान आहे. इसवी सनापूर्वी ४९० या वर्षी तेथे ग्रीक आणि इराणी सैन्यांची मोठी लढाई झाली. तीत ग्रीकांचा जय झाला. ही शुभवार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि निरोप सांगताच गतप्राण होऊन पडला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांत लांब पल्ल्याची एक शर्यत ठेवण्यात आली. तीच मॅरेथॉन शर्यत होय. १९०८ साली लंडन येथे या शर्यतीसाठी ४२.१९५ किलोमीटर अंतर आखले होते; १९२१ मध्ये तेच अंतर कायमचे ठरविण्यात आले.

एवढे अंतर एकदा धावणे हीच सामान्य गोष्ट नव्हे. शर्यत संपल्यावर मांड्या ताठतात, जिना उतरणे कठीण होते आणि शरीर पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागतात. असे असता, आज मॅरेथॉन धावून उद्या पुन्हा तितकेच अंतर धावावयाचे, परवाही धावावयाचे, आणि तेही तापलेल्या वाळूतून, असे कोणी सांगितले तर ते खरे वाटणार नाही. परंतु अशी शर्यत आहे. आफ्रिका खंडाच्या वायव्येस मोरोक्को नावाचा देश आहे. त्या देशाच्या दक्षिण भागात, सहारा वाळवंटात ती भरते. फ्रेंच भाषेत तिला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘वाळूची मॅरेथॉन’ असा होतो.

या शर्यतीचा उगम एका माणसाच्या पायी प्रवासात आहे. पात्रिक बोएर हा फ्रेंच तरुण १९८४ साली आपले अन्नपाणी पाठीवर घेऊन एकटाच सहारा वाळवंटात चालत गेला. सुमारे ३५० किलोमीटरचा तो प्रवास त्याने बारा दिवसांत पुरा केला. वाळवंटाची ती विलक्षण शांतता आणि स्वतःच्या शक्तीची ती कसोटी इतरांनाही अनुभवता यावी, असे त्यास वाटले. १९८६ साली त्याने पहिली शर्यत भरविली. तीत अवघे २३ धावक होते. पुढे निरनिराळ्या देशांतून हजाराहून अधिक स्त्रीपुरुष तीत भाग घेऊ लागले.

शर्यतीचे एकंदर अंतर सुमारे २५० किलोमीटर असते. पुण्याहून सोलापूरला जावयाचे म्हटले तर जेवढी वाट तुडवावी लागेल, जवळजवळ तेवढीच ही वाट. ती काही टप्प्यांत विभागलेली असते. कोणत्या दिवशी तीस किलोमीटर, कोणत्या दिवशी पूर्ण मॅरेथॉन, आणि एका टप्प्यात तर ऐंशी किलोमीटरच्या आसपास जावे लागते. तो टप्पा पुरा करताना पुष्कळांना रात्रभर चालावे लागते. वाटेत कोठे वाळूच्या टेकड्या, कोठे दगडगोट्यांचे माळ, तर कोठे कोरड्या पडलेल्या सरोवरांचे तळ लागतात. आठवडाभराचे अन्न, अंथरूण, होकायंत्र, शिट्टी, चाकू इत्यादी सामान धावकाने स्वतःच्या पाठीवर वाहावयाचे असते. नियमाप्रमाणे हे ओझे साडेसहा किलोपेक्षा कमी आणि पंधरा किलोपेक्षा अधिक असता कामा नये, असे ठरविण्यात आले. पाणी आणि रात्रीच्या निवाऱ्याचे तंबू एवढेच काय ते व्यवस्थापकांकडून मिळते. पाणीही ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक मापाने.

धावकाचा पहिला शत्रू म्हणजे उष्मा. दुपारी तेथील उष्णतामान कधी कधी ५० अंश सेल्सिअसच्या जवळ जाते. परंतु उष्णता केवळ बाहेरच असते असे नाही. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे चौथा हिस्साच पाय पुढे टाकण्याच्या कामी येतो. उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे धावणारा माणूस ही एक चालती शेगडीच होय. शरीराचे आतील उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राहणे आवश्यक असते. ते ४० अंशांच्या वर गेले तर मेंदू, हृदय आणि इतर इंद्रिये यांना धोका पोहोचतो. यालाच उष्माघात म्हणतात.

या संकटातून घाम माणसास तारतो. मातीच्या माठातील पाणी थंड का राहते, हे सर्वांस ठाऊक आहे. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातील उष्णता घेऊन जाते. घामाचेही तसेच आहे. एक लिटर घाम अंगावरच वाळला, तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कडक उन्हात धावणाऱ्याच्या अंगातून ताशी एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम निघू शकतो. परंतु वाळवंटातील हवा इतकी कोरडी असते की, घाम येताक्षणीच उडून जातो. अंग कोरडेच राहिल्याने आपले किती पाणी गेले याची धावकास कल्पना येत नाही. त्याच्या सदऱ्यावर उमटलेले मिठाचे पांढरे डाग तेवढे त्याची साक्ष देतात.

घामाबरोबर मीठही जाते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तहान लागली म्हणून नुसते पाणीच पोटात ओतीत राहिले, तर रक्तातील मिठाचे प्रमाण घटते. डोके दुखू लागते, मळमळते आणि प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून जाणता धावक पाणी बेताने पितो आणि त्याच्या जोडीला मीठही घेतो. पाणी कमी झाले तरी अपाय, अति झाले तरी अपाय. अति तेथे माती, ही म्हण वाळवंटात शब्दशः खरी ठरते.

सुदैवाने शरीर उष्म्याला सरावते. दररोज थोडा वेळ उन्हात श्रम केले, तर दहा ते चौदा दिवसांत शरीरात पुष्कळसे फरक घडून येतात. रक्तातील पातळ भाग वाढतो, घाम लवकर येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. मोरोक्कोतील झागोरा या गावच्या परिसरात एका भटक्या कुटुंबात जन्मलेल्या लहसन अहन्साल याने १९९७ ते २००७ या काळात ही शर्यत दहा वेळा जिंकली. त्याचा धाकटा भाऊ मोहमद याने ती पाच वेळा जिंकली. जे ऊन परदेशी धावकांस परके, ते या भावांस लहानपणापासून परिचित होते.

दुसरा शत्रू दिसावयास अगदीच क्षुद्र आहे. तो म्हणजे पायमोज्यात शिरलेला वाळूचा कण. उष्म्याने आणि सतत धावण्याने पाय सुजतात आणि घट्ट बूट बोटांना काचू लागतो. पायमोजे घामाने ओले होतात. ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा अधिक घासली जाते. पाऊल पुढे सरकते, हाड आत हलते, परंतु वरची कातडी मात्र पायमोज्याला चिकटून मागे राहते. असे हजारो वेळा घडले की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात, त्या पोकळीत पाणी साठते आणि फोड येतो. फोड म्हणजे खालच्या कोवळ्या कातडीवर शरीराने घातलेली पाण्याची गादीच होय. तो शाबूत असेपर्यंत तेथे जंतूंचा शिरकाव होत नाही. परंतु तो फुटला, त्यात वाळू गेली आणि जखम चिघळली, की पुढचे प्रत्येक पाऊल निखाऱ्यावर पडल्यासारखे वाटते.

यास्तव अनुभवी धावक बूट नेहमीच्या मापापेक्षा किंचित मोठे घेतात. वाळू आत जाऊ नये म्हणून बुटांच्या कडेला कापडी आवरण शिवून घेतात. बोटांना आधीच चिकटपट्टी लावतात. संध्याकाळ झाली की तळावरील वैद्यकीय तंबूपुढे अनवाणी, हुळहुळ्या पायांनी धावकांची रांग लागते. तेथे पाय धुवून पुसतात. मोठा फोड निर्जंतुक सुईने टोचून त्यातील पाणी काढतात, पण वरची कातडी तशीच राहू देतात. मग औषध लावून पट्टी बांधतात. दिवसभर चाळीस किलोमीटर धावलेला माणूस सायंकाळी आपल्या पायांची अशी काळजी घेतो, तेव्हाच त्यास दुसऱ्या दिवशीचे चाळीस किलोमीटर लाभतात.

तिसरी अडचण इंधनाची. आपण जे धान्य, फळे किंवा साखर खातो, तिचा काही साठा शरीर स्नायूंत आणि यकृतात करून ठेवते. जोराने धावल्यास हा साठा सुमारे तीस किलोमीटरनंतर संपत येतो. मग पाय एकाएकी शिशासारखे जड होतात. संपलेला साठा भरून येण्यास भरपूर अन्न आणि जवळजवळ एक दिवस लागतो. तेव्हा जो धावक पहिल्याच दिवशी ईर्षेने सर्व शक्ती खर्च करून टाकतो, तो दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने उभा राहतो. रोज मॅरेथॉन धावणारा म्हणूनच चढणीवर चालतो, सपाटीवर बेताने धावतो, तळावर पोहोचताच खातो आणि आडवा होतो. उद्याची शर्यत तो आजच, विश्रांती घेऊन, धावू लागलेला असतो.

एवढे सर्व केले तरी वेदना टळत नाहीत. परंतु सर्व वेदना सारख्या नसतात, हा या शर्यतीतील सर्वांत मोठा धडा आहे. काही दुखणी सोसावयाची असतात; मांड्यांचा ठणका, हुळहुळलेली बोटे, खांद्यावर उठलेले पट्ट्यांचे वळ ही त्यांतली. काही दुखणी मात्र इशारे असतात आणि त्यांचे ऐकावयाचे असते. चक्कर येणे, पाऊल वेडेवाकडे पडणे, बोलताना जीभ अडखळणे, आपण कोठे आहोत याचा विसर पडणे, ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी ‘अजून थोडेच अंतर उरले आहे’ म्हणून पुढे जाणे हे धैर्य नव्हे, तर अविचार होय. सोबत्याने त्यास ताबडतोब सावलीत न्यावे, त्याचे अंग पाण्याने भिजवून वारा घालावा आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

हा अविचार किंवा दुर्दैव किती महाग पडू शकते, याची उदाहरणे या शर्यतीच्या इतिहासात आहेत. १९९४ साली माउरो प्रॉस्पेरी हा इटलीचा कसलेला खेळाडू शर्यतीत असताना वाळूचे भयंकर वादळ सुटले. वादळात जागच्या जागी थांबून राहावे, असा नियम होता. आपला क्रमांक जाईल या भीतीने तो चालत राहिला आणि वाट चुकला. वादळ शमले तेव्हा त्याच्याभोवती वाळूशिवाय काही नव्हते. नऊ दिवसांहून अधिक काळ तो वाळवंटात भटकला आणि अखेर शेजारच्या अल्जीरिया देशात, मार्गापासून कित्येक किलोमीटर दूर, अत्यंत कृश अवस्थेत सापडला. तो वाचला, कारण पुढे त्याने आपली चाल बदलली. दिवसाच्या उन्हात तो सावली धरून पडे आणि सकाळी व संध्याकाळी तेवढा चाले. जो संयम शर्यतीत सुटला होता, त्याच संयमाने त्याचे प्राण राखले. २०२१ साली तर ही शर्यत नेहमीच्या वसंतऋतूऐवजी ऑक्टोबर महिन्यात भरली. कडक ऊन आणि पोटाचे विकार यांमुळे जवळजवळ निम्म्या धावकांना ती अर्ध्यावर सोडावी लागली आणि एका धावकाचा मृत्यू झाला. आता धावकाजवळ संकटाची खूण पाठविणारे यंत्र असते आणि मार्गावर डॉक्टरांची पथके असतात. तथापि पहिली सावधगिरी ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.

या शर्यतीत सर्वांच्या मागून दोन उंट चालत असतात. त्यांची चाल संथ, पण अखंड असते. ज्या धावकास ते उंट गाठून पुढे जातात, त्याची शर्यत तेथेच संपते. आघाडीचे धावक वाऱ्याच्या वेगाने निघून जातात. परंतु बहुसंख्य धावकांची खरी स्पर्धा असते ती या उंटांशी. आणि उंटांना हरविण्यासाठी वेगाची गरज नसते. वेळीच थांबून बूट काढावा, वाळूचा कण झटकावा, दोन घोट पाणी प्यावे आणि पुन्हा चालू लागावे, एवढे पुरते. जो हे दर तासाला, दररोज, कंटाळा न करता करतो, तो शेवटच्या दिवशी लंगडत का होईना, पण अंतिम रेषा ओलांडतो. ज्याच्या शरीराने इशारा दिला आणि ज्याने तो मानून माघार घेतली, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी वाळवंट तेथेच असते.