इचलकरंजी

इचलकरंजी हे महाराष्ट्र राज्याच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, हातकणंगले तालुक्यात पंचगंगा नदीच्या काठी वसलेले शहर आहे. यंत्रमागावरील सुती कापडाच्या उत्पादनासाठी ते देशभर ओळखले जाते आणि त्यामुळे त्याला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' असे म्हटले जाते. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 2,87,353 होती. 2022 साली येथील नगरपरिषदेचे रूपांतर महानगरपालिकेत झाले.

भूगोल

कोल्हापूरच्या पूर्वेस सुमारे 30 किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या बाजूला उतरत गेलेल्या सपाट प्रदेशात हे शहर आहे. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे उपनद्यांच्या संगमातून तयार होणारी पंचगंगा शहराला वळसा घालून पुढे नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते. नदीकाठची जमीन काळी, सुपीक व उसाची आहे. कर्नाटकाची सीमा अगदी जवळ असल्यामुळे बाजारपेठेत मराठीबरोबर कन्नडही सहज ऐकू येते. शहरातून लोहमार्ग जात नाही. सर्वांत जवळचे स्थानक मिरज–कोल्हापूर मार्गावरील हातकणंगले हे आहे. कबनूर, यड्राव, तारदाळ, खोतवाडी ही लगतची गावे आता शहरापासून वेगळी ओळखणे कठीण झाले आहे. तेथेही मागाचाच खडखडाट ऐकू येतो.

इतिहास

इचलकरंजी हे घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठाणे होते. घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे सेनापती संताजी घोरपडे यांच्या आश्रयाने पुढे आले आणि कृतज्ञतेपोटी त्यांनी धन्याचेच आडनाव स्वीकारले. त्यांच्या वंशातील व्यंकटराव घोरपडे यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनूबाई यांच्याशी झाला होता. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात गावाला नवे वळण मिळाले. त्यांच्या पाठबळाने विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. हातमागावर लुगडी विणणारे गाव पुढील काही दशकांत यंत्रमागाचे गाव बनले. जुन्या राजवाड्यात आज 1982 साली स्थापन झालेल्या दत्ताजीराव कदम टेक्निकल एज्युकेशन सोसायटीची वस्त्रोद्योग व अभियांत्रिकी संस्था भरते.

ग्वाल्हेर घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) याच दरबारचे गायक होते. विष्णु दिगंबर पलुस्कर हे त्यांचे शिष्य. 1974 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले होते.

यंत्रमाग व्यवसाय

शहर व परिसरात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत. एखाद्या मोठ्या गिरणीभोवती वाढलेल्या शहरांपेक्षा इचलकरंजीची घडण वेगळी आहे. येथे कारखाना म्हणजे बहुधा चार, आठ किंवा सोळा मागांची पत्र्याची शेड, आणि तिचा मालक पुष्कळदा स्वतःच पूर्वी मागावर उभा राहिलेला माणूस. कापड एका छताखाली पूर्ण होत नाही. सूत प्रथम सायझिंगला जाते. तेथे ताण्याच्या धाग्यांना खळ देऊन ते बीमवर गुंडाळले जातात. त्यानंतर वहिफणी कामगार एकेक धागा वही व फणीतून ओवतो. हे डोळे आणि बोटे यांची परीक्षा पाहणारे काम आहे. कांडीवाला बाण्याच्या कांड्या भरतो, जॉबर माग दुरुस्त ठेवतो, विणकर माग चालवतो आणि शेवटी घडीवाला व मेंडर कापडाची घडी व तपासणी करतात. तयार झालेले कोरे कापड, म्हणजे मलमल, पॉपलिन, केंब्रिक इत्यादी, रंगाई व छपाईसाठी बहुतांशी राजस्थानातील पाली, बालोतरा आणि गुजरातेतील केंद्रांकडे जाते. त्यामुळे मूल्यवृद्धीचा मोठा वाटा शहराबाहेर पडतो, हे या उद्योगाचे जुने दुखणे आहे.

अनेक मागधारक 'खर्चीवाले' म्हणून काम करतात. व्यापारी त्यांना सूत देतो आणि कापड परत घेऊन केवळ विणण्याची मजुरी देतो. ही मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे एका इंचात बसणारा बाण्याचा एक धागा. 52 पिकांच्या कापडाला समजा पिकास 6 पैसे दर मिळाला, तर मीटरमागे 3 रुपये 12 पैसे होतात. यातूनच वीजबिल, सुटे भाग आणि कामगाराचा पगार भागवायचा असतो. दरात एका पैशाचा फरक पडला तरी शेड चालू ठेवायची की बंद, हे ठरते. म्हणून सुताचे भाव व वीजदरातील सवलत हे येथे निवडणुकीचे विषय होतात. कामगाराचे वेतनही उत्पादनावरच अवलंबून असते. 2013 साली मजुरीवाढीसाठी यंत्रमाग कामगारांचा दीर्घ संप झाला होता. अलीकडे रेपियर व एअरजेट हे धोटाविरहित माग वाढत आहेत. जुना साधा माग भंगारात जातो, पण नव्या मागाचे भांडवल खर्चीवाल्यास परवडत नाही.

शेती व सहकार ही अर्थव्यवस्थेची दुसरी बाजू. घटना समितीचे सदस्य रत्नाप्पा कुंभार यांनी उभारलेला पंचगंगा साखर कारखाना, डेक्कन सहकारी सूतगिरणी आणि सहकारी बँका यांनी स्थानिक भांडवल गावातच फिरते ठेवले. जवळचे हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे.

लोकजीवन

देवांग, कोष्टी, पद्मशाली हे विणकर समाज, जैन व लिंगायत शेतकरी-व्यापारी, मुस्लिम कारागीर आणि मारवाडी सूतव्यापारी यांनी शहराची जुनी वस्ती घडवली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुष्काळी भागांतून, नंतर उत्तर प्रदेश, बिहार व ओडिशातून कामगार आले. यांपैकी पुष्कळजण भाड्याच्या खोल्यांत एकत्र राहतात आणि पाळ्या बदलतात तसे झोपण्याची जागाही आळीपाळीने वापरतात.

पाणीप्रश्न

नदीकाठी असूनही पिण्याच्या पाण्याची टंचाई हा शहराचा सर्वांत बिकट प्रश्न आहे. वरच्या अंगाला असलेल्या वस्त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे, त्यांत शहरातील कापड प्रक्रिया उद्योगाचेही, दूषित पाणी पंचगंगेत मिसळते. 2012 साली दूषित पाण्यामुळे काविळीची साथ पसरून अनेकांचा मृत्यू झाला. शहराला शिरोळ तालुक्यातील मजरेवाडी येथून कृष्णेचे पाणी आणले जाते, परंतु जलवाहिनीला वारंवार गळती लागते आणि नळाला काही दिवसांआड पाणी येते. दानोळी येथून वारणेचे पाणी आणण्याची योजना नदीकाठच्या गावांच्या विरोधामुळे अडली. त्यानंतर पुढे आलेल्या सुळकूड येथील दूधगंगा योजनेसही कागल तालुक्यातून तसाच विरोध झाला. आपल्या वाट्याचे पाणी शहराला दिल्यास उसाचे काय, ही त्या गावांची भीती; तर स्वतःची नदी दूषित झालेल्या शहराने प्यावे काय, हा इचलकरंजीकरांचा प्रश्न. पावसाळ्यात चित्र उलटते. 2019 व 2021 च्या महापुरांत हीच पंचगंगा नदीवेस परिसरातील घरांत शिरली होती.