भरतपूरचे पाणथळ कुरण आणि म्हशी

आमच्या ग्वाल्हेरहून भरतपूर फार दूर नाही. तेथील केवलादेव उद्यानातील पाखरांची कीर्ती वाचकांनी ऐकली असेलच. परंतु त्या पाखरांच्या संसारात म्हशीचाही मोठा वाटा होता, हे बहुधा ठाऊक नसेल.

गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील ही सखल भूमी. पावसाळ्यात अजान बांधाचे पाणी आत सोडले म्हणजे तेथे उथळ तळी साचतात. उन्हाळ्यापर्यंत ती आटत जाऊन कुरण उघडे पडते. पाणी व गवत यांची ही आळीपाळीच पक्ष्यांना मानवते. चित्रबलाक पाण्यातील बाभळींवर घरटी बांधतात आणि उथळ पाण्यातील मासे पिलांना भरवितात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांस उतरावयास मोकळे पाणी लागते. एके काळी ही संस्थानिकांची शिकारीची जागा होती; १९३८ साली एकाच दिवशी चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले!

पक्ष्यांचे रक्षण व्हावे म्हणून १९८२ साली येथे गुरे चारण्यास बंदी झाली. भोवतालच्या गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच चरत असत. विरोध झाला, गोळीबार झाला, काही ग्रामस्थ प्राणास मुकले. आणि एवढे होऊन पदरात काय पडले? गवत माजले. पाण्यावर पसरणाऱ्या एका जातीच्या गवताने तळी झाकून टाकली. बदकांना जागा उरेना, मासे कमी झाले. म्हैस पाण्यात शिरून हेच गवत खाई, तुडवी आणि पाणी मोकळे ठेवी. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी अनेक वर्षे निरीक्षण करून हाच निष्कर्ष काढला. पुढे ग्रामस्थांना गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. पण विळा म्हशीसारखा पाण्यात डुंबत नाही, हे सांगावयास अभ्यासक कशाला हवा!

गवताचा प्रश्न असा अर्धामुर्धा सुटतो, तोच पाण्याचा उभा राहिला. गंभीर नदीवर वरच्या अंगास पांचना धरण झाले. २००४ साली शेतीच्या पाण्यावरून तंटा होऊन उद्यानास फारच थोडे पाणी मिळाले. शेतकऱ्यांनाही पाणी हवेच होते; त्यांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. आग्ऱ्यास जाताना आपण जी चंबळ ओलांडतो, तिचे काही पाणी पुढे नळांनी उद्यानात आणण्यात आले. मात्र नदीच्या पुराबरोबर मासळीचे बीज आपोआप वाहत येई. नळाच्या पाण्याबरोबर ते येत नाही.