घरांतील जुन्या निगेटिव्ह आणि स्कॅनरची निवड

जळगांव-धुळ्याकडे वैशाखांत पारा अनेकदां ४४ अंशांपलीकडे जातो. तें ऊन निगेटिव्हांस मानवत नाहीं. माळ्यावरील डब्यास शिर्क्याचा आंबट वास येऊं लागला, कीं ॲसिटेट कुजूं लागलें असें समजावें, आणि स्कॅनरच्या निवडींत वेळ दवडूं नये. कागदपत्रांचा साधा स्कॅनर येथें निरुपयोगी. प्रकाश निगेटिव्हच्या आरपार जावा लागतो, म्हणून झांकणांत दिवा असलेलाच घ्यावा. बॉक्स-कॅमेऱ्याच्या रुंद निगेटिव्ह त्यांत मावतात ना, हें दुकानांतच पाहावें. ३५ मिलिमीटरच्या चित्रास दर इंचास २४०० ठिपके आम्हांस पुरेसे वाटतात. जाहिरातींतील ९६०० वर आमची श्रद्धा नाहीं! धूळ मिटविणाऱ्या अवरक्त किरणांसाठीं मात्र अधिक पैसे मोजूं नयेत. वडीलधाऱ्यांच्या निगेटिव्ह बहुधा कृष्णधवल. त्यांतील रुपें हे किरण अडवितें आणि यंत्र चेहऱ्यांसच धूळ समजतें. तेथें मऊ कुंचलाच बरा.