राखणीचं पिल्लू घेताय? आधी हिशोब मांडा

पेरणी आटोपली आणि पीक डोलायला लागलं की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात जागलीचा प्रश्न उभा राहतो. सोयाबीनमध्ये रोही शिरतात, भुईमूग आणि हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, एका रात्रीत वावराचा कोपरा साफ करून जातात. म्हातारा माणूस मचाणावर किती रात्री जागणार? मग घरातली तरुण मुलं म्हणतात, "बाबा, एक शिकारी कुत्रा आणू. कारवानीचं पिल्लू मिळते, दहा-पंधरा हजारांत." बापाच्या मनात येतं, एवढ्या पैशात तर खताची पोती येतात. आता यात कोणाचं खरं? रागावण्याआधी आणि पैसे देण्याआधी कागद-पेन घ्या. हिशोब मांडला की उत्तर आपोआप निघतं.

कुत्रा कोणत्या कामाला पाहिजे?

पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. फासे लावणं, हाकारे घालणं आणि कुत्रे सोडून जनावराचा पाठलाग करवणं हेही शिकारीतच मोडतं. ससा असो, डुक्कर असो की रोही, वनखात्याच्या परवानगीशिवाय कुत्र्याकरवी धरलं तर गुन्हा लागतो आणि तो कुत्र्याच्या मालकावर लागतो. पोराच्या हौसेपायी कोर्टाच्या तारखा नशिबी येऊ नयेत. म्हणून 'शिकारी' हा शब्द डोक्यातून काढून टाका. आपल्याला पाहिजे तो राखणदार. त्याचं काम ओरडायचं, आपल्याला उठवायचं आणि जनावराला बांधाबाहेर थोपवायचं.

आता बघा, कारवानी, पश्मी किंवा मुधोळ ही कुत्री देखणी आहेत, काटक आहेत, उन्हाला टिकतात. कर्नाटकातल्या मुधोळ कुत्र्यावर टपाल खात्याने २००५ साली तिकीटही काढलं. पण ही जात नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखी धावणारी. धावताना ती फारशी भुंकत नाही. रात्रीच्या अंधारात, उभ्या तुरीत, नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याचा उपयोग किती? आपल्याला पाहिजे तिखट कान आणि मोठा आवाज. वेगाचे जादा पैसे मोजायचे आणि तो वेग वापरला तर कायदा आडवा, असा हा उफराटा सौदा होतो.

मोठ्या जबड्याच्या विदेशी कुत्र्यांचंही तेच. २०१८ साली पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ म्हणजे अवनी वाघिणीच्या शोधासाठी केन कोर्सो जातीची कुत्री आणली होती, हे अनेकांना आठवत असेल. ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीनं मारली गेली. ती सरकारी मोहीम होती, कुत्र्यांसोबत जाणती माणसं होती, वर वनखात्याचा ताफा होता. आपल्या वावरात काय आहे? एक बॅटरी आणि एक काठी. चवताळलेलं रानडुक्कर सुळ्यानं भल्याभल्या कुत्र्याचं पोट फाडतं. तिथे किंमत उपयोगी पडत नाही.

पिल्लू स्वस्त, पोसणं महाग

पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत, आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. भाकरी, ताक, कधी अंडं, कधी मटणाचे तुकडे मिळून रोजचे २५ रुपये धरा. वर्षाचे झाले ९,१२५. लस आणि जंताचं औषध १,५०० धरा. पट्टा, साखळी, पावसाळ्यात निवारा याचे ५००. पहिल्या वर्षाचा खर्च ११,१२५ रुपये, आणि यात पिल्लाची किंमत धरलेलीच नाही.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावानं हा खर्च साधारण दोन क्विंटल सोयाबीनचा होतो. पिल्लू १५,००० चं घेतलं तर पहिल्या वर्षाचा आकडा २६,१२५ वर जातो, म्हणजे जवळपास पाच क्विंटल. आता स्वतःला विचारा, माझ्या वावरात जनावरं वर्षाला किती खातात? दोन क्विंटलच्या आत नुकसान असेल तर एकट्यानं कुत्रा पोसणं परवडत नाही. शेजारच्या दोन-तीन वावरवाल्यांनी मिळून पोसावा.

आणखी एक गोष्ट. जून महिन्यात दोन महिन्यांचं पिल्लू आणलं तर ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणीच्या वेळी ते सहा महिन्यांचं असतं. या वयात त्याला रात्री वावरात एकटं ठेवलं तर तेच कोणाचं तरी खाद्य होईल. खऱ्या राखणीला ते वर्षभरानंतरच येतं. म्हणजे यंदाच्या खरिपासाठी म्हणून पिल्लावर मोठी रक्कम टाकणं म्हणजे पुढच्या सालच्या पावसावर यंदा पेरणी करणं.

मग किती द्यावेत?

माझं मत विचाराल तर पिल्लाची किंमत त्याच्या पहिल्या वर्षाच्या लस-औषधाच्या खर्चाहून जास्त नसावी. म्हणजे वरच्या हिशोबानं दीड हजाराच्या आत. एवढ्यात चांगलं गावठी पिल्लू मिळतं, ओळखीत तर फुकटही मिळतं. धनगरांच्या कळपावर राहणाऱ्या किंवा जागलीवर वाढलेल्या कुत्रीचं पिल्लू पाहा. आई परक्या माणसावर भुंकते का, पण शेळीच्या पिल्लाला त्रास देत नाही ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. आई दाखवायला जो टाळतो, त्याचा सौदा नको.

पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. त्याआधी पिल्लू विकू नये, असं २०१७ च्या केंद्रीय नियमांतही आहे. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, पोट फुगलेलं नाही, हाक मारली की उठून येतं, एवढं तपासा. लस दिली म्हणत असतील तर कार्डावर तारीख आणि लसीचं लेबल आहे का ते पाहा. फोनवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका. एसटीनं आलेलं पिल्लू आजारी निघालं तर परत कोण घेणार?

वाचलेल्या पैशात आधी लस. सहा ते आठ आठवड्यांनी डिस्टेंपर आणि पार्व्होची, तीन-चार आठवड्यांनी तिचाच पुढचा डोस. तिसऱ्या महिन्यात रेबीजची, मग डॉक्टर सांगतील तशी बूस्टर आणि पुढे दरवर्षी. २०१८ साली गीरच्या जंगलात सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हाच रोग कुत्र्यांनाही होतो. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्याच्या काठावरच्या गावांनी ही लस चुकवू नये. तिथे रात्री कुत्रा मोकळाही सोडू नये. बिबट्या कुत्र्याच्या मागे थेट अंगणात येतो. धनगर कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो उगाच नाही. आणि फवारणीची औषधं, दाणेदार विष कुत्र्याच्या तोंडाला लागेल असं बंडीखाली ठेवू नका.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीनं गावातच लसीकरण ठेवावं. काढणीच्या आधीची ती वेळ सोयीची पडते. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं, हे शाळेतही सांगावं. हळद-चुना भरू नये.

आणि राखण असूनही नुकसान झालं तर? रोही-डुकरांनी पीक खाल्लं की तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, सातबारा जोडा, फोटो काढून ठेवा. पंचनामा होईपर्यंत त्या जागेवर नांगर घालू नका. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी खात्याचा माणूस यांनीही पंचनाम्याला वेळ लावू नये. शेतकऱ्याचा अर्ज एका दिवसानं हुकला तर त्याचा हंगामच हुकतो.

तेव्हा मुलगा पिल्लू मागत असेल तर त्याला नाही म्हणू नका. त्याच्याच हातात वही द्या, रोजची भाकरी, लस, निवारा हा हिशोब त्यालाच मांडू द्या. पिल्लाची जबाबदारीही त्याच्याच नावावर लिहा. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ त्याला खाऊ घालायची तयारी असेल तर गावातलंच चांगलं पिल्लू आणा. तयारी नसेल तर पंधरा हजारांचं पिल्लूही पुढच्या उन्हाळ्यात रस्त्यावर फिरताना दिसेल.