कुत्रीचा पहिला माज

कुत्री वयात येताना अंडकोशांचे (स्त्रीजनन ग्रंथींचे) कार्य सुरू होऊन जी पहिली कामोत्तेजित अवस्था येते, तिला पहिला माज म्हणतात. लहान जातींत तो बहुधा ६ ते १० महिन्यांच्या वयात येतो. काही मोठ्या जातींत १८ ते २४ महिनेही लागतात. प्रारंभी सुमारे ९ दिवस योनिमुख सुजते व रक्तमिश्रित स्राव होतो. या काळात नर आकर्षित होतात. परंतु कुत्री त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढे साधारण तेवढेच दिवस ती शेपटी बाजूस घेऊन नराचा स्वीकार करते. स्राव फिकट झाला म्हणजे माज संपला, हा समज चुकीचा असून गर्भधारणेचा संभव याच वेळी सर्वाधिक असतो. म्हणून स्राव दिसू लागल्यापासून ३ ते ४ आठवडे कुत्रीला बंदिस्त जागेत ठेवावे व साखळी लावूनच फिरवावे. शरीराची वाढ अपुरी असल्याने पहिल्या माजात संयोग टाळतात. अंथरूण स्वच्छ ठेवून स्राव कोमट पाण्याने पुसावा.

माजानंतरच्या १ ते २ महिन्यांत अतितृष्णा, मलूलपणा, अन्नद्वेष वा दुर्गंधी स्राव आढळल्यास गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. हा विकार प्राणघातक असून त्यात स्राव बाहेर दिसेलच असे नाही. त्यामुळे पशुवैद्याकडून तत्काळ तपासणी आवश्यक ठरते. प्रजनन नको असल्यास माजानंतर २ ते ३ महिन्यांनी शस्त्रक्रियेने गर्भाशय व अंडकोश काढतात.