जळालेली चित्रे, उरलेले ग्रंथ

अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभे राहिलेल्या प्रवाशाला फार वेळ मिळत नाही. प्रकाश बेताचाच असतो, मागे रांग ताटकळत असते आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पुढे सरकावे लागते. घरी आल्यावर तो एखादे सचित्र पुस्तक उघडतो आणि कोड्यात पडतो. एका पुस्तकातील पद्मपाणी तपकिरी-पिवळसर दिसतो, दुसऱ्यात त्याची कांती उजळ असते, तिसऱ्यात मुकुटाची नक्षी अधिक स्पष्ट दिसते. भिंतीवरचे चित्र एकच. मग पुस्तकागणिक ते बदलते कसे आणि यातले खरे कोणते मानायचे? या प्रश्नाचे उत्तर अजिंठ्यावरील ग्रंथांच्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली ही ३० लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंतच्या काळातील आहेत. येथील चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. परंतु ते नेमके नाही. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग दिला जातो आणि तो गिलाव्यातच मुरतो. अजिंठ्यात बेसॉल्टच्या भिंतीवर माती, भुसा व वनस्पतींचे तंतू कालवून गिलावा केला आहे. त्यावर पांढरा पातळ हात देऊन, तो वाळल्यानंतर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग दिले आहेत. तांबडी व पिवळी काव, हिरवी माती, काजळी आणि अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्दी दगड हे त्यांतील मुख्य रंग. असा रंग भिंतीशी एकजीव होत नाही. दमट हवा, वटवाघळे, कीटक आणि माणसे या सर्वांचा त्याला उपद्रव होतो.

१८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. दहाव्या लेण्यातील एका खांबावर त्याने स्वतःचे नाव कोरून ठेवले. पुढे १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचून ही चित्रे नष्ट होण्यापूर्वी त्यांच्या नकला करून घ्याव्यात, असा आग्रह धरला. त्यानुसार ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे गिल आणि पारो ही नावे मराठी वाचकाला परिचित आहेत. गिलच्या कामाचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

वर्षानुवर्षे खपून गिलने कॅनव्हासवर तैलरंगांत मोठमोठ्या प्रतिकृती रंगविल्या. त्या लंडनच्या सिडनहॅम भागातील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या. १८६६ च्या डिसेंबरात तेथे आग लागली आणि चार-पाच वगळता तेथील सर्व चित्रे भस्मसात झाली. जी जळाली, त्यांतील काहींचा पुरावा एका पुस्तकात उरला. मिसेस स्पीअर यांच्या १८५६ मधील ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ या ग्रंथात गिलच्या प्रतिकृतींवरून लाकडी ठशांनी छापलेली लहान चित्रे होती. त्यांत रंग नव्हता, मूळ रेषेची लयही ठसे कोरणाऱ्याच्या हातात सापडली नव्हती; तरीही आगीनंतर त्यांचे मोल वाढले.

गिलने कॅमेराही हाताळला होता. त्याने काढलेली ७४ छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या वर्णनासह १८६४ मध्ये ‘द रॉक-कट टेंपल्स ऑफ इंडिया’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली. खांब, कमानी आणि शिल्पे त्यात उत्तम उतरली; रंगचित्रांच्या बाबतीत मात्र त्या काळचा कॅमेरा पांगळा होता. तेव्हाच्या काचेवरील रसायनाला निळा प्रकाश लवकर भिडे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. साहजिकच कावेचा तांबडा रंग काळा आणि निळा रंग फिकट उमटे. तांबड्या-पिवळ्या छटांवर उभ्या असलेल्या अजिंठ्याला असा कॅमेरा न्याय देणे शक्य नव्हते.

म्हणून पुन्हा कुंचल्याकडे वळावे लागले. १८७२ पासून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स हे आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास जाऊ लागले. या विद्यार्थ्यांमध्ये पुढे नावारूपास आलेले पेस्तनजी बोमनजी होते. सुमारे १३ वर्षांत या मंडळींनी जवळजवळ ३०० प्रतिकृती केल्या आणि त्याही लंडनला रवाना झाल्या. १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाच्या एका भागाला आग लागून त्यांतील शंभराहून अधिक नष्ट झाल्या. गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या कामातील उरलेली १६६ चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

दोन आगींनंतर ग्रंथाचे महत्त्व पटणे स्वाभाविक होते. ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडात प्रसंगचित्रे, दुसऱ्यात छतांवरील व खांबांवरील नक्षी. यातील रंगीत चित्रपृष्ठे शिळाछापाची आहेत. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि एकच कागद त्या सर्व दगडांवरून पुनःपुन्हा काढावा लागे. मूळ चित्रातील असंख्य छटा किती दगडांत बसवायच्या, हे छापणारा कारागीर ठरवीत असे. म्हणजे भिंतीवरच्या चित्रातून कॅनव्हास, कॅनव्हासवरून दगड आणि दगडावरून कागद, अशा तीन हातांतून गेलेला अजिंठा येथे पाहावयास मिळतो. असे असले तरी भिंतीवरून पुढे झडून गेलेले कित्येक भाग आज या प्रतिकृतींत व ग्रंथातच पाहता येतात.

या कामाची एक काळी बाजूही आहे. चित्रे उठून दिसावीत म्हणून नकला करताना भिंतींवर हलक्या प्रतीचे व्हार्निश फासले गेले. पुढे निजाम सरकारने १९२० च्या दशकाच्या आरंभी बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला रंग धरून ठेवला खरा. परंतु त्यासाठी वापरलेल्या लाखेच्या थरानेही कालांतराने पिवळेपणा धरला. पुस्तकांतील पिवळसर-तपकिरी पद्मपाणीचे एक मोठे कारण हे आहे. तो रंग प्राचीन चित्रकाराचा नसून बराचसा नंतर चढविलेल्या थरांचा आहे.

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकारांसह नव्याने नकला केल्या. त्यांवरील ‘अजंता फ्रेस्कोज’ हा ग्रंथ १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढला. झिजलेल्या जागा भरून मूळ चित्र कसे असेल, हे दाखविण्याकडे या चित्रकारांचा कल होता. डोळ्यांना ही चित्रे सुखावतात. मात्र भिंतीवर उरलेले किती आणि चित्रकाराने कल्पिलेले किती, हे त्यावरून उमगत नाही. याच सुमारास जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी १९१६ ते १९१८ दरम्यान पातळ जपानी कागदावर केलेल्या नकला टोकियोत ठेवल्या होत्या. १९२३ च्या भूकंपात त्याही गेल्या.

यानंतर कॅमेऱ्याने बाजी मारली. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांचा चार भागांचा ‘अजंता’ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. ही चित्रे छायाचित्रणावर आधारित असल्याचे त्याच्या नावातच नमूद आहे. चित्रकाराचा हात वगळून भिंत जशी आहे तशी दाखविण्याचा हा प्रयत्न होता. त्यात तडे, ठिगळे, झडलेले गिलावे सारे दिसते. व्हार्निशचा पिवळेपणाही अर्थातच त्यासोबत आला.

असे भारदस्त खंड मोठ्या ग्रंथालयांतच असत. सामान्य वाचकाच्या हाती अजिंठा देण्याचे काम लहान पुस्तकांनी केले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची अजिंठ्यावरील हस्तपुस्तिका मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाने १९३२ मध्ये काढली. १९५४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक कलामालेत अजिंठ्याचा खंड आला. त्यास पंडित नेहरूंची प्रस्तावना होती.

अलीकडच्या ग्रंथांपैकी दोहोंचा उल्लेख आवश्यक आहे. बिनॉय बहल यांच्या १९९८ मधील ‘द अजंता केव्हज’ मध्ये प्रखर दिवे टाळून, मंद प्रकाशातच कॅमेऱ्याचे झाकण दीर्घकाळ उघडे ठेवून टिपलेली छायाचित्रे आहेत. दिव्यांच्या झोताने येणारी चकाकी त्यात नसल्याने रंगांची खोली कळते. जर्मन संशोधक डीटर श्लिंगलोफ यांनी नेमका उलटा मार्ग धरला. त्यांच्या १९९९ मधील मार्गदर्शक ग्रंथात रेषाचित्रांवर भर आहे. भिंतीवर गर्दीत हरवलेली जातककथा कोठे सुरू होते, कोणता प्रसंग कोठे वळतो, हे छायाचित्रापेक्षा अशा रेषांतून लवकर समजते.

तेव्हा ‘खरा पद्मपाणी कोणता’ या प्रश्नाचे उत्तर एका पुस्तकात सापडणार नाही. ग्रिफिथ्स नंतर गळून गेलेला भाग दाखवितात, हेरिंगहॅम चित्रकाराला भावलेली रेषा, याझदानी भिंतीची अवस्था, बहल रंग आणि श्लिंगलोफ कथा. अजिंठ्याचे पुस्तक हाती घेणाऱ्याने प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात: चित्र नकलेवरून घेतले आहे की भिंतीवरून, ते कोणत्या वर्षीचे आहे आणि कोणत्या पद्धतीने छापले आहे. एवढे कळले की निम्मा गोंधळ मिटतो.

जुन्या चित्रग्रंथांतील पाने सुटी करून चौकटीत बसविण्याची आणि विकण्याची हौस जगभर आहे. तसे एक पान निघाले की त्याची तारीख, त्याचे स्पष्टीकरण आणि शेजारचे चित्र यांच्याशी असलेला त्याचा संबंध तुटतो आणि पुराव्याची केवळ शोभेची वस्तू होते. कॅनव्हास एकेकच होते, म्हणून एका रात्रीत गेले. ग्रंथाच्या प्रती अनेक शहरांत विखुरल्या, म्हणून राहिल्या. ज्या ग्रंथालयांच्या कपाटांत असे खंड आहेत, त्यांनी ते अखंड जपणे हा अजिंठ्याच्या जतनाचाच एक भाग आहे.